बंद लॅबमधून गेलेला फोन

मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज आहे का, ते सांगता येत नाही... तरी लिहितेय.

राहते दिल्लीत, मुनिरकाला; नोकरी मानेसरच्या एका लॅबमध्ये. रक्तात फिरणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवरून कॅन्सर अगदी सुरुवातीलाच ओळखायचा, हे आमचं काम. मला नुसते कोड नंबर दिसतात. नावं आणि फोन नंबर रक्ताचे नमुने पाठवणाऱ्या हॉस्पिटलच्या कपाटात, कुलपात.

एका सोमवारी सकाळी रिसेप्शनवर सुमनताई आल्या. साताऱ्याकडच्या, नवरा फौजेत हवालदार. कँटोनमेंटमधल्या आमच्या कॅम्पमध्ये त्यांनी तपासणीसाठी रक्त दिलं होतं. मी मराठीत विचारलं, "काय काम होतं?"

त्या एकदम उभ्याच राहिल्या. "तुम्हीच ना ताई? काल दुपारी फोन केलात. पोटाची सोनोग्राफी करून घ्या, टाळू नका, म्हणालात."

काल रविवार. लॅब बंद, मी घरी कपडे धूत होते. त्यांच्या मोबाइलवर मात्र आमच्या लॅबचाच लँडलाइन नंबर होता — दुपारी सव्वादोन. गार्डला विचारलं. म्हणाला, "मैडम, संडे को तो ताला ही नहीं खुला." आमच्याकडे मराठी बोलणारी मी एकटीच.

हॉस्पिटलला फोन करून त्यांचा कोड घेतला, रिझल्ट उघडला. नॉर्मल. आमचे सर म्हणाले, "किसी ने मज़ाक किया होगा यार. घर भेज दो."

पाठवणारच होते. पण त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि हळूच म्हणाल्या, "पोट जड वाटतं खरं. कुणाला बोलले नव्हते."

मी त्यांना घेऊन सोनोग्राफीला गेले. अंडाशयावर छोटी गाठ होती. ऑपरेशन झालं — कॅन्सरच, पण पहिल्या टप्प्यातला. आज त्या ठणठणीत आहेत.

नंतर त्यांचा डेटा मी पुन्हा चारदा तपासला. चारही वेळा नॉर्मल. म्हणजे आमच्या मशीनला दिसलं नाही, मला दिसलं नाही. मग सांगितलं कुणी?

मी फोन केला नव्हता, हे सुमनताईंना कितीदा तरी सांगितलं. त्या हसतात. "आवाज ओळखते मी, ताई." आता मी वाद घालत नाही. त्यांचे आभार ऐकून घेते — ते नक्की कुणाचे मानायला हवेत, हे मला अजून कळलेलं नाही.