सुनंदाबाईंचा कट

रावेरजवळच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये सुनंदाबाईंसमोर आजवर कुणाचीही गोष्ट शेवटापर्यंत गेलेली नाही.

"काकू, काल पाहुणे आले होते ना, त्यांच्या मोठ्या भावाची सोयरीक—"

"बाकीचं कट कर. जमलं का नाही, तेवढं सांग."

चौथी शिकलेल्या सुनंदाबाईंनी इंग्रजीतलं एकच क्रियापद घरात घेतलं आणि त्याला सुनेसारखं सगळ्या कामांना जुंपलं. वीज गेली की लाईट कट. यादीतून मजूर कमी झाला की नाव कट. मालिकेत जाहिरात लागली की स्वयंपाकघरातून सुनेला आरोळी, "मोहिनी, कट कर व ते!" शेजारणीशी वाजलं की आठवडाभर तिच्याशी बोलणं कट. केळीचा घड मात्र त्या कापतात. "घडाले कट करत नाही," त्या नव्या बायांना बजावतात, "तो काय फोन हाये?"

आणि कापतातही अशा की बघत राहावं. घड टांगलेला, हातात बाकदार सुरी. एक हलका झटका की फणी दांड्यापासून सुटते. पण हे एकटीचं काम नाही. खाली दुसरीने हात पसरून उभं राहायचं आणि फणी तान्ह्या पोरासारखी झेलायची. आपटली तर उद्या काळा डाग, आणि डागाची पेटी परदेशी जात नाही. अकरा वर्षं ते हात भिकुबाईंचे होते. त्या मूळच्या साक्रीकडच्या, बोलणं अहिराणी. कामात दोघींना बोलावं लागतच नसे. सुनंदाबाईंच्या बांगड्या वाजल्या की भिकुबाईंचे हात पुढे आलेले असत.

मागच्या महिन्यात भिकुबाई आठ दिवस गावी गेल्या. परतल्या त्या सरळ धुण्याच्या हौदावर जाऊन बसल्या.

"भिकू, इकडी ये ना व."

भिकुबाई पाण्यातल्या फण्या चोळत राहिल्या.

नवी बाई झेलायला आली आणि तीन दिवसांत सात पेट्या परत आल्या. शेडचा सुपरवायझर हितेंद्र, सुनंदाबाईंच्या मुलाच्या वयाचा, खाली बघून म्हणाला, "काकू, शुक्रवारचा कंटेनर आहे. उद्याही डाग निघाले तर सुरी दुसरीला द्यावी लागेल. तुम्ही स्टिकर लावा."

"स्टिकर? मी?"

"माझा नाइलाज आहे, काकू."

त्या संध्याकाळी सुनंदाबाईंनी सुरी धुतली, पुसली आणि परत धुतली. मोहिनी भाजी निवडत होती. तिला राहवलं नाही.

"आई, त्या कावून रुसल्या, ठाऊक हाये का?"

"मले कोन सांगते?"

"तुम्ही सांगू देता का? त्यांची आई पडली होती. त्यांनी तुम्हाला फोन केला होता."

"मंग? म्हने, माय पडनी, सकाय येत नही. मी म्हटलं, बरं, नको येऊ, मी पाहते. झालं की!"

"झालं नव्हतं. तुम्ही कट केला. त्या पुढे सांगत होत्या, डोक्याला लागलंय, दवाखान्यात मी एकटीच आहे, काही सुचत नाही. बराच वेळ बोलत होत्या म्हणे. मग कळलं, पलीकडे कुणीच नाही."

सुनंदाबाई सुरीकडे बघत बसल्या. ही त्यांची जुनीच रीत. कामाचं ऐकलं की बटण. फणी सुटली की हात पुढच्या फणीवर.

"जाऊ का तिच्या घरी?"

"आधी फोन लावा. पण त्या ठेवेपर्यंत ठेवायचा नाही."

"ती काही बोललीच नाही तर?"

"तरी नाही."

फोन मिठाच्या डब्याला टेकवून उभा राहिला, स्पीकर चालू. सुनंदाबाईंनी तवा चढवला, कारण नुसतं बसून बोलणं त्यांना जमलं नसतं. पलीकडे फोन उचलला गेला.

"भिकू... माय कशी हाये?"

मोहिनीने डोळ्यांनीच सांगितलं, थांबा.

"बरी शे," शेवटी आवाज आला. "टाका काढात."

"किती टाके होते व?"

तिथून सुरू झालं. पडली कशी, रिक्षा कशी मिळाली, डॉक्टर काय म्हणाला, रात्री आई कुणाचं नाव घेत होती. डॉक्टरच्या चपलांचं वर्णन सुरू झालं तेव्हा सुनंदाबाईंचा अंगठा लाल बटणापर्यंत पोचला होता. मोहिनी खाकरली. अंगठा पिठात परतला.

"मन्ही माय म्हने, तुनी ती रावेरनी बहीन कशी नही उनी?"

सुनंदाबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि पीठ गालाला लागलं. "चुकलं व माझं. यायला पाहिजे होतं, मी पुरं ऐकलंच नाही."

तव्यावरून धूर निघाला. मोहिनी खोकू लागली.

"कोन खोकी ऱ्हायनं? मोहिनी शे का?"

"भाकर जळाली व, भिकू."

"अवं मंग कट कर ना, अक्का!"

"मी नाही करत. तू कर."

पलीकडून हसू फुटलं, इतके दिवस कोंडलेलं. "सकाय सुरीले धार करी ठेव. मी येस."

"बरं, ये."

एवढं झाल्यावर फोन बंद व्हायला हवा होता. पण तिकडे भिकुबाईंनी भांडी घासायला घेतली, इकडे सुनंदाबाई उलथन्याने तवा खरवडत बसल्या, आणि मिठाच्या डब्याशी फोन तसाच चालू राहिला.