बर्फाला लावलेला कान

आमची पलटण तेव्हा काश्मीरमध्ये एका डोंगररांगेवर तैनात होती. मी हवालदार होतो आणि सर्वांत वरच्या पोस्टवर होतो. पुढे सुभेदार झालो, घरी आलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कोल्हापुरात घर आहे, पेन्शन आहे, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. फौजेतल्या आठवणी सांगा म्हणणाऱ्यांना बहुतेक गोळीबार ऐकायचा असतो. माझ्या या आठवणीत एकही गोळी सुटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून तक्रार नको.

पोस्टवरचा दिवस ठरलेला असे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे उजाडेपर्यंत सगळे हत्यारं घेऊन मोर्चाच्या खंदकात. मग स्टँड-डाउन, चहा, बंकरच्या दारातला बर्फ उपसणं, हत्यारांची सफाई, कंपनीला रेडिओवर खबर. पाणी हवं असेल तर स्टोव्हवर बर्फ वितळवायचा आणि रॉकेलचा वास सहन करत प्यायचं. अधूनमधून लिंक पेट्रोल निघे. आमची एक पार्टी खाली उतरायची, खालच्या पोस्टची पार्टी वर चढायची, मध्यावर भेट व्हायची आणि रॉकेल घेऊन आमची माणसं परत यायची.

नायक दस्तगीर मुल्लाणी माझा बडी होता. फौजेत प्रत्येकाला असा एक जोडीदार नेमून दिलेला असतो. बर्फात त्याच्या पायाची बोटं काळी पडताहेत का ते आपण रोज पाहायचं, आपली त्याने. माझ्या बायकोने जन्मात पाहिले नसतील इतके माझे पाय दस्तगीरने पाहिले होते. तो हुपरीचा, मी शाहूवाडीकडच्या एका खेड्यातला. म्हणजे त्या डोंगरावर आम्ही शेजारीच म्हणायचे.

खाली बेसवर असताना दर रविवारी मंदिर परेड असे. नाव देवाचं असलं तरी ती परेडच. हजेरी लागते, गैरहजर राहिलात तर सोमवारी जाब द्यावा लागतो. आरतीला ढोलकी दस्तगीर वाजवायचा, कारण अख्ख्या कंपनीत तेवढा हात कुणाचाच नव्हता. तो येईपर्यंत पंडितजी आरती सुरू करत नसत. ईदला शीरखुर्मा तो करायचा आणि पातेलं ढवळायचं काम माझ्याकडे असायचं. खाली लागू दिलं की शिव्या खायच्या. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. आता लोकांना सांगितलं की विशेष वाटतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

त्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. पोस्टचे प्रमुख, आमचे जेसीओ साहेब, खाली गेले होते, म्हणून पोस्ट माझ्या ताब्यात होती. दस्तगीर स्वतः धरून चार जणांची लिंक पार्टी घेऊन निघाला. त्यात चंदगडचा शिपाई सागर होता, वर्षभराची सर्व्हिस झालेला, बोलायला लाजणारा. निघताना दस्तगीर म्हणाला, "रॉकेल आणतो. चहा पातळ करू नगासा."

नऊनंतर वरून धडधड ऐकू आली आणि समोरच्या नाळेत, दोन कड्यांमधल्या घळीत, कोसळलेल्या बर्फाचा पांढरा धूर उठला. रेडिओवर मी त्यांना पुकारलं. उत्तर आलं नाही. मग कंपनीला पुकारलं. रेडिओवर कंपनी अल्फा, आम्ही ब्राव्हो.

"अल्फा फॉर ब्राव्हो. अ‍ॅव्हलांच. लिंक पार्टी नाळेत आहे. ओव्हर."

"ब्राव्हो, किती माणसं? ओव्हर."

"चार. मी शोधपार्टी घेऊन उतरतोय. ओव्हर."

पोहोचलो तेव्हा दोघे कडेला सापडले. एकाचा हात मोडला होता, पण बोलत होते. सागर आणि दस्तगीर दिसत नव्हते. खालच्या पोस्टचीही माणसं आली. आम्ही रांग धरली आणि लांब सळया बर्फात खुपसत पुढे सरकू लागलो.

अशा शोधात एक ड्रिल असते. मध्येच कमांडर 'खामोश' म्हणतो. त्या क्षणी फावडी थांबतात, सळया वर येतात, कुणी खोकतसुद्धा नाही. सगळे पालथे होऊन बर्फाला कान लावतात. आपल्याच श्वासाचा आवाज कानात वाजतो, म्हणून श्वासही धरायचा. छाती फुटायला आली की मग उठायचं आणि पुन्हा खणायचं. बर्फाखालची हाक वर क्वचितच येते. तरीही ऐकायचं, कारण येते तेव्हा येते.

त्या दिवशी आली. तिसऱ्या की चौथ्या खामोशीत मला उजव्या हाताला काहीतरी ऐकू आलं, पोत्यात कोंडलेल्या मांजरासारखं. आम्ही हातांनी बर्फ उकरला. सागर होता, निळा पडलेला, पण जिवंत. आज तो चंदगडला काजूची बाग करतो आणि फोनवर तासभर बोलतो. लाजणं कुठे गेलं कोण जाणे.

मग दस्तगीरसाठी ऐकत राहिलो. दुपारनंतर वारा सुटला आणि वरचा बर्फ पुन्हा हलायला लागला. कंपनी कमांडर साहेबांचा हुकूम आला, पार्टी मागे घ्या. साहेबांचं बरोबर होतं. एकासाठी पंधरा जण गाडले गेले असते. मी रेडिओवर म्हटलं, "साहेब, एक खामोशी आणखी. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "एक. त्यानंतर निघा. आउट."

मी पालथा झालो आणि श्वास धरला. वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर सापडला. डॉक्टर साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मानेला मार होता, पहिल्याच धक्क्यात गेला, त्याला काही कळलंही नसेल. मी 'जी साहब' म्हणालो. डॉक्टर असंच सांगतात, हे फौजेत सगळ्यांना ठाऊक असतं. हुपरीला त्याला घेऊन दुसरी माणसं गेली. मला पोस्ट सोडता येत नव्हती.

घरी आल्यावर माझं काही बिघडलंय असं मला वाटत नव्हतं. फक्त शांतता चालत नव्हती. टीव्ही लावून ठेवायचो, त्यावर रेडिओ, त्यावर पंखा. थंडीतही पंखा. बायको सुनंदा एकदा वैतागून म्हणाली, "घर हाय का एसटी स्टँड?" अंबाबाईच्या देवळात मला बरं वाटायचं, पण ते गर्दीच्या दिवशी. गर्दी नसली की मी नमस्कार करून सटकायचो. रिकाम्या देवळात मला उभं राहवत नसे. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण ज्या माणसाने बर्फात हिवाळे काढले तो रिकाम्या देवळाला भितो हे कुणाला सांगणार?

शेवटी सुनंदाने मला कॉलनीच्या हॉलमध्ये ध्यानाच्या वर्गाला नेऊन बसवलं. वर्ग देशपांडेबाई घ्यायच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. आजूबाजूला सगळे गुडघेदुखीवाले. बाई म्हणाल्या, डोळे मिटा आणि आत काय चाललंय ते नुसतं पाहा, बदलू नका. पहिल्या दिवशी त्यांनी मला हळूच सांगितलं की पाटील, बसायचं आहे, सावधानमध्ये राहायचं नाही. मी मनात म्हटलं, पेन्शनीत हेच ऐकायचं राहिलं होतं.

पण सांगितलेलं काम करायची सवय जात नाही. मी रोज बसलो आणि रोज पाहिलं. बरेच दिवस काही दिसलं नाही. घाम फुटायचा, एवढंच. मग एका सकाळी हॉलमधला पंखा बंद पडला, बाहेरची रहदारीही क्षणभर थांबली, आणि त्या शांततेत मला माझीच छाती दिसली. ती हलत नव्हती. मी श्वास धरला होता. मान उजवीकडे कलली होती, कान जमिनीकडे.

मी डोळे उघडले. सगळं एकदम कळलं. जिथे जिथे शांत होत होतं तिथे तिथे मी खामोशीत जात होतो. देवळात, घरात, सुनंदा शेजारी निजलेली असताना. साहेबांनी पार्टी मागे घेतली होती, पण मला तिथून कुणी उठवलंच नव्हतं. मी अजून दस्तगीरची हाक ऐकत पडलो होतो. भीती वाटत होती ती शांततेची नव्हती. हाक येईल आणि मी तिथे नसेन, याची होती. किंवा त्या दिवशी येत होती आणि मी निघून आलो, याची.

बाईंना मी हे सांगितलं. मग त्यांनी विचारलं, त्याच्या घरी कोण आहे? मी म्हणालो, आई-वडील. एकदा रजेवर असताना जाऊन आलो होतो. उंबऱ्याजवळ बसून चहा घेतला आणि निघालो. त्यानंतर ईदला फोन करतो, तोही दोन वाक्यांचा. आईने विचारलं, त्यानं हाक मारली का, तर काय सांगू, ही धास्ती होती.

पुढच्या आठवड्यात सुनंदाला घेऊन मी हुपरीला गेलो. गल्लीत घराघरातून चांदी ठोकल्याचा आवाज येत होता. इब्राहिमचाचा, दस्तगीरचे वडील, ओसरीवर पैंजणाच्या कड्या जुळवत बसले होते. नजर आता कमी झाली आहे, तरी बोटं चालतात. त्याची आई, खातूनचाची, आतून आल्या. मी चहा येईपर्यंतसुद्धा थांबलो नाही. सगळं सांगितलं. सागर कसा ऐकू आला, एक खामोशी जास्त कशी मागितली, नंतर कसे निघालो. डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं आणि त्यावर माझा विश्वास बसला नव्हता, हेसुद्धा.

चाचांनी हातातली कडी खाली ठेवली.

"तुम्हाला त्या चंदगडच्या पोराचा आवाज आला न्हवं?"

"आला."

"ते पोर लाजाळू, आसं तुम्हीच म्हंतासा. मग आमच्या दस्तगीरनं हाक मारली असती, तर तुमच्या कानाला आली नसती व्हय? लहानपणी ह्यो माडीवरनं आईला हाक मारायचा, तर चौकातली लोकं वळून बघायची. त्यो बर्फ काय त्येला दाबतोय? मारलीच न्हाई त्यानं हाक. डाक्टर खरं बोलला."

इतकी वर्षं हा हिशेब मला सुचला नव्हता. सुचला असता तरी माझ्या तोंडून मला तो पटला नसता.

खातूनचाची पदराने डोळे पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "मीबी लई दिवस दाराकडं कान लावून बसायची. मग नमाज पढताना एकदा वाटलं, पोरगं निजलंय, त्याला निजू दे. तुम्हीबी निजा की आता, पाटील."

दुपारी आम्ही जेवलो. चाचींनी वाढलेलं सगळं मी संपवलं. त्यानंतर ओसरीवर जरा आडवा झालो तो झोपलोच. सुनंदा सांगते, घोरत होतो आणि चाचांनी शेजारच्यांना ठोकाठोकी थांबवायला सांगितली. पूर्ण गल्ली शांत झाली, तरी मी जागा झालो नाही.

उन्हं उतरल्यावर चाचा मला कब्रस्तानात घेऊन गेले. त्यांनी हात पसरून दुवा केली. मी शेजारी बसून डोळे मिटले. तिथे पाखरांशिवाय काही नव्हतं. माझा श्वास येत होता, जात होता. कान कुठेच लागला नव्हता. आणि तेव्हा कितीतरी वर्षांनी मला दस्तगीर दिसला. पातेल्यावर वाकून मला शिव्या देणारा, माझा मोजा ओढून बोटं तपासणारा, आरतीत ढोलकीवर डोळे मिटून हसणारा. इतकी वर्षं मी त्याची वाट पाहत होतो, त्यामुळे त्याची आठवण काढायची राहूनच गेली होती.

मी रडलो. चाचांनी मला रडू दिलं. मग त्यांनी माझा हात धरला, कारण त्यांना नीट दिसत नाही, आणि आम्ही दोघे घराकडे निघालो. वाटेभर ते दस्तगीरबद्दल बोलत होते आणि त्यांना माहीत नसलेला दस्तगीर मी त्यांना सांगत होतो.