सहा महिने बंद खोलीतली ताजी भाकरी

शुक्रवार पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. समोरच्या भाड्याच्या खोलीत सारजाबाई तीस वर्षं भाकऱ्या थापून विकते. नवरा वारला, लेक नातेपुत्यात नांदायला गेली. ही चुलीपुढून हलली नाही. भाडं सासऱ्याच्या वेळचं, महिना नव्वद रुपये. हे फारच कमी आहे, मीही मान्य करतो. घरमालक सोमशेखरअण्णांनी भाडं वाढवून मागितलं असतं तर मी त्यांच्या बाजूनं बोललो असतो. पण त्यांना खोली पाडून गाळे काढायचे होते.

दाव्याच्या आधीचे सलग सहा महिने खोली वापरली नाही की भाडेकरूला कायद्यानं काढता येतं. अण्णांनी तोच दावा लावला. पुरावा काय, तर दाराच्या कुलपाचा फोटो! लेकीच्या बाळंतपणाला सारजाबाई आठ दिवस गेली होती, तेवढ्यात काढलेला. माझं डोकंच फिरलं.

"खोली गेली तर चूल कुटं मांडू?" ती विचारायची.

अण्णांच्या साक्षीच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. सारजाबाईची वकील सुकन्या वयानं लहान, पण भलती बेरकी. तिनं अण्णांना थेट येळवसचं विचारलं. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अण्णा दरवर्षी शंभर माणसं शेतात जेवायला घालतात, आणि त्या पंगतीचा त्यांना कोण अभिमान!

"दावा लावायच्या पंधरा दिवस आधी येळवस झाली. पंगतीत म्हणे शिळ्या, वाळक्या भाकऱ्या वाढल्या?"

अण्णांचा पारा चढला. "कोण म्हणतंय? पहाटे मी सोता आणल्या! तव्यावरनं उतरलेल्या, हात पोळत हुते माझे!"

"कुणाच्या तव्यावरनं?"

"सारजाबाईच्या! दुसऱ्या कुणाची भाकरी माझ्या पंगतीला चालत न्हाय!"

अण्णांच्या वकिलानं कपाळाला हात लावला. न्यायाधीशसाहेबांनी हसू दाबत ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. पुढं दावा फेटाळला गेला, तेव्हा मी दुकान बंद ठेवून अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

यंदा येळवसच्या आदल्या दिवशी अण्णा तिच्या उंबऱ्याबाहेर घुटमळत उभे होते. मी मशीन थांबवलं.

सारजाबाईनं पीठ मळता मळता वर पाहिलं.

"किती भाकऱ्या पायजेत, अण्णा? सांगा की. मी हितंच हाय."