वधूपक्षाचा स्क्रू

मन्मथअप्पा लग्नपत्रिका वाचत नसत, साठवत. अर्धापुरात आमचं आणि त्यांचं दार शेजारी-शेजारी. बसच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला माणूस. घरात काहीही उघडलं, की निघालेला प्रत्येक स्क्रू पत्रिकेवरच्या एकेका नावात खोचून ठेवायचे. "ज्याचा मान त्याला," म्हणायचे. "नाव ध्यानात ऱ्हातंय, नंबर ऱ्हात न्हाई."

एका हिवाळ्यात त्यांच्या जुन्या गाडीत गोडसर वास यायला लागला आणि डावीकडची मॅट ओली व्हायला लागली. डॅशबोर्डच्या आत हीटरची जाळी असते, इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरतं. ती गळत होती. मेकॅनिकने सोपा उपाय सांगितला: दोन्ही पाइप एकमेकांना जोडा, हीटर विसरा. मीही तेच म्हणालो. आमच्याकडे हीटर कोणाला लागतो?

"तुमच्या काकूला," अप्पा म्हणाले.

काकूंना आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसला न्यावं लागे. परतताना हुडहुडी भरायची; दोन शाली घेऊनही दात वाजायचे. भिंतीला भिंत लागून असताना हे मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली.

डायलिसिसच्या आदल्या दिवसाची गोष्ट. सकाळीच अप्पांनी गार इंजिनातलं पाणी टबात काढलं आणि डॅशबोर्ड खोलला. स्टिअरिंगकडचे स्क्रू वरपक्षात, काकूंच्या बाजूचे वधूपक्षात. पत्रिका धरायचं काम माझं.

"अहो, उद्या जायचंय मला," काकू ओट्यावरून म्हणाल्या. "हे समदं जाग्यावर येतंय ना?"

"येतंय. तू गप बस."

नवी जाळी बसली, पाणी भरलं, हीटर तापला. सगळं बंद केल्यावर पत्रिकेत एक स्क्रू उरला, वधूच्या मामांचा. दिवेलागण झाली होती.

"राहू द्या अप्पा, एका स्क्रूनं काय होतंय?"

"मामाबिगर लगीन लागतंय का, सर? रस्ता खराब हाय. डॅशबोर्ड खडखडला तर तिला झोप लागायची न्हाई." आणि त्यांनी अर्धा डॅशबोर्ड पुन्हा उघडला. मी वैतागून चहाला घरी निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी मी सोबत होतो. परतताना काकूंनी पाय गरम हवेपुढे धरले आणि नांदेडबाहेरचा आसना नदीचा पूल यायच्या आत झोपल्या. शाल खाली घसरली, तरी जाग आली नाही. अप्पा आणि मी घामानं निथळत होतो. काच कोणी उघडली नाही.

पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अप्पांनी गाडी विकायला काढली. लातूरहून गिऱ्हाईक आलं. हीटरचं बटण बघून ते हसलं, "हे कशाला हो, काका?"

अप्पांनी त्याला डावीकडे बसवून हीटर लावला. मे महिना होता. मिनिटभरात तो घामाघूम झाला.

"घरात कुणाला थंडी वाजती का?" अप्पांनी विचारलं.

"छे, न्हाई बा."

"मग ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले आणि किल्ली खिशात टाकून घरात गेले.