साडीचोळीऐवजी बोट

आमच्याकडे बहिणींनी वावरावरचा हक्क सोडला की भाऊ त्यांना साडीचोळी करतो. आमच्या भावानं आम्हा दोघी बहिणींना केरळात नेलं आणि एक अख्खी हाऊसबोट दिवसभरासाठी घेतली. रजेचा अर्ज देताना मी शाळेत हे सांगितलं, तेव्हा बरोबरच्या बाई म्हणाल्या, नशीबवान आहात, आमचे भाऊ तर सही झाल्यावर फोनसुद्धा करत नाहीत. मीही तेव्हा स्वतःला नशीबवानच समजत होते.

आमचं माहेर पिंपळगाव राजाचं. बाबा भाजीपाल्याची शेती करायचे. वांगी, मिरची, मेथी, दोडकी. कापूस पेरणारे शेजारी त्यांना म्हणायचे, तू तर रोजच बाजाराले बांधलेला. पण त्याच भाजीवर आम्ही भावंडं शिकलो. खरं तर मी आणि भाऊ शिकलो. ताईला सातवीतून काढलं, कारण मिरची तोडायला आणि मेथीच्या जुड्या बांधायला घरचं माणूस लागायचं. तिला रोहिणखेडला दिली. मी डी.एड. करून लोणारला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, तिथंच माझं लग्न झालं. भाऊ सगळ्यांत लहान. त्याचं खामगावात टायरचं दुकान आहे.

आई आधीच गेली होती. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली. वावर गावातल्याच एकाला बटाईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं होतं. त्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही दोघी गेलो तेव्हा ओवाळून झाल्यावर भावानं विषय काढला. तीन नावं असली की साध्या कामाला तीन सह्या लागतात, मोठी ताई घर सोडू शकत नाही, लहानी ताई शाळेत असते, मी किती फेऱ्या मारू, असं त्याचं म्हणणं. वावर कुठं जात नाही, कागदावर फक्त माझं नाव राहील, तुमचं माहेर तसंच राहील. मी विचारलं, तू ते विकणार तर नाहीस ना? तो हसला. म्हणाला, "बाबांची विहीर इकीन का मी?"

हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही खामगावला जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. मी कागद पूर्ण वाचला, दोनदा वाचला, ताईलाही वाचून दाखवला. नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, कुणाचा दबाव नाही ना, तर आम्ही दोघी हसलो. कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढले, त्यातही हसतच होतो. परत जाताना भावाला म्हटलं, चाल, वावरात चक्कर मारून येऊ. बटाईवाल्यानं दोडक्याचा मांडव दिवाळीआधीच सोडला होता. बांबू मोजकेच उरले होते, विहिरीजवळ रचून ठेवलेले. जमीन रिकामी होती. ताई गाडीतून उतरली नाही, पाय दुखतात म्हणाली.

घरी आल्यावर भावानं सांगितलं, तुम्हाले साडी काय देऊ, साड्या तुमच्याजवळ आहेत. तुम्हाले फिरवून आनतो.

मला वाटलं ताई नाही म्हणेल. भाऊजींना अर्धांग होऊन आठ वर्षं झाली होती. त्यांचं उठवणं, बसवणं, जेवू घालणं, सगळं तिच्याकडे. आठ वर्षांत ती लग्नाकार्याला गेली तरी पंगत उठायच्या आत परत निघायची. पण ती लगेच हाव म्हणाली. सुनेला कबूल करून घेतलं, औषधांच्या वेळा मला फोन करून तीनदा लिहून घ्यायला लावल्या, की सुनेजवळ हरवल्या तर माझ्याजवळ असाव्यात. जानेवारीत आम्ही अकोल्याहून रेल्वेगाडीत बसलो. भाऊ, भावजय आणि आम्ही दोघी.

अलप्पुळाच्या धक्क्यावर शेकड्यांनी बोटी उभ्या होत्या. आमची लहान होती, एकाच खोलीची, वर वेताचं छप्पर. पुढं सोफे मांडलेले, मागं स्वयंपाकघर. चालवणारा एक आणि स्वयंपाक करणारा एक. आम्हा चौघांशिवाय दुसरे प्रवासी नाहीत. भाऊ सारखं हेच सांगत होता, की पूर्ण बोट आपली आहे, कुठंही बसा. शहाळी आली. ताईनं चप्पल काढून एका कोपऱ्यात नीट ठेवली, देवळात ठेवावी तशी, आणि अगदी पुढं जाऊन बसली.

तिला इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. पाण्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद बांध, बांधावर घरं, घराच्या पायरीवर धुणं धुणाऱ्या बाया. बांधापलीकडं भाताची शेतं होती, आणि ती पाण्याच्या पातळीपेक्षा खाली होती. बोटीत बसून आम्ही शेतांकडं वरून पाहत होतो. ताईला ते खरंच वाटेना. तिनं चालवणाऱ्याला मोडक्या हिंदीत विचारलं, इनको पानी कौन देता? त्यालाही हिंदी बेताचीच येत होती. त्यानं हातानं दाखवलं, की पाणी द्यावं लागत नाही, मोटर लावून बाहेर काढावं लागतं. ताई पदर तोंडाला लावून हसली. मला म्हणाली, "बाबा विहिरीत वाकू वाकू पाहात होते, आन हे पानी बाहीर फेकून राह्यले."

दुपारी बोट एका बांधाला बांधली आणि जेवण आलं. जाड तांदळाचा भात, सांबार, खोबरं घातलेली कोबीची भाजी, पापड, अननस. भाऊ-भावजयींना तळलेला मासा. ताई वाढायला उठली तर स्वयंपाकी आडवा आला, हातानं बसा म्हणाला. ती बसली. त्यानं तिला भात वाढला, पुन्हा वाढला, आणि ती नको न म्हणता जेवली. मी तिच्याकडं पाहत होते आणि भावाबद्दल माझ्या मनात त्या घटकेला इतकी माया दाटली, की आज ते आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

जेवून भाऊ आतल्या खोलीत एसी लावून आडवा झाला. ताई पुढं बसल्या जागी डुलक्या घेत होती. भावजय सोफ्यावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि सकाळचे फोटो दाखवू लागली. तिनं फोन माझ्या हातात दिला, म्हणाली, ताई, तुम्हाले आवडतील ते सांगा, पाठवते. मी बोटानं एकेक सरकवत होते. बोटीचे झाले, गाडीतले झाले, तिच्या माहेरच्या बारशाचे झाले. तिला थांबवायचं सुचलं नसेल, किंवा त्या फोटोंत काही लपवण्यासारखं आहे असं वाटलं नसेल.

मग आमची विहीर आली. विहिरीपासून बांधापर्यंत चुन्याच्या सरळ रेघा मारलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर लाल झेंड्या. मध्ये भाऊ आणि पांढऱ्या शर्टातली दोन माणसं, हातात गुंडाळलेला नकाशा. आणि एका बाजूला दोडक्याचा मांडव उभा होता. हिरवागार, वेलाला पिवळी फुलं.

मांडव दिवाळीआधीच सुटला होता. म्हणजे भाऊबीजेला आम्ही भावाला ओवाळलं तेव्हा वावराचे प्लॉट आखून झालेले होते.

मी आत जाऊन त्याला उठवलं. फोन समोर धरला. त्यानं पाहिलं, उठून बसला, आणि तोंड पुसलं. मला वाटलं होतं तो खोटं बोलेल. पण तो खोटं बोलला नाही.

"इकलं," तो म्हणाला. "इसाराचे पैसे घेतले. उन्हाळ्यात खरेदी आहे."

मी विचारलं, मग तेव्हा विहिरीचं काय म्हणाला होतास? तो म्हणाला, लोक घरं बांधतील तं विहिरीचंच पानी पितील, विहीर कुठं जाते. मग त्यानं समजावायला सुरुवात केली. दुकान चालत नाही, मुलीचं शिक्षण आहे, बाबांसारखं त्याच्यानं रोज बाजार होणार नाही, बटाईवालाही किती दिवस टिकणार. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. म्हणूनच मला आणखी संताप आला.

"हे सगळं सही करायच्या आधी काऊन नाही सांगतलं?" मी म्हटलं.

"सांगतलं असतं तं तू सही केली असती?"

भावजय दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, ताई, आज नका ना, एवढ्या दूर आलो. मी तिच्याकडं पाहिलंही नाही. घरी असते तर पिशवी उचलून निघाले असते. इथं निघून जाणार कुठं? बोट बांधाला टेकलेली होती म्हणून मी फळीवरून उतरले आणि बांधावर चालत सुटले. वीस-पंचवीस पावलांवर बांधच संपला. पुढं पाणी. एका नारळाच्या बुंध्याशी मी बसले आणि रडले.

ताई मागून आली. तिला गुडघ्यांमुळं नीट चालता येत नव्हतं, तरी आली. माझ्याजवळ बसायला तिला वेळ लागला. मी तिला सगळं सांगितलं, फोटोतला मांडवसुद्धा. ती ऐकत राहिली आणि समोरच्या भाताकडं पाहत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

प्लॉट घेणाऱ्यांपैकी एकाची सासुरवाडी रोहिणखेडची. दसऱ्यालाच तिच्या कानावर आलं होतं. म्हणजे मी तिला कागद वाचून दाखवत होते तेव्हा तिला ठाऊक होतं, आणि गाडीतून ती उतरली नव्हती ती पाय दुखत होते म्हणून नव्हे.

मी विचारलं, मग सही काऊन केली? मले काऊन नाही सांगतलं?

ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यातलं काही गाळायची मला सोय नाही.

"तुले त्या वावराचा पुळका आहे, कारन तू तिथं सुट्टीत येत होती. मी रोज होती. मिरची तोडू तोडू माह्ये हात रातभर जळत. तू शाळेत जाय अन मी वावरात. मले त्या मातीचं काही नाही. ते इकलं काय अन राह्यलं काय. मंग भाऊ म्हने तुले फिरवून आनतो, मी म्हटलं चाल. आठ वर्षांत मले आज कोनं आयतं ताट वाढलं. सांगतलं असतं तं तू भांडली असती, अन हे झालंच नसतं."

मी काही म्हणायच्या आत ती पुढं म्हणाली, "आता अजून तीन घंटे आहेत. ते नको नासू."

मी शिकावं म्हणून ती वाकली होती, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ती ते कधी बोलली नव्हती, आणि न बोलण्यालाच मी तिची राजीखुशी समजत आले होते. मी उठले, तिला हात देऊन उठवलं. आम्ही बोटीत परत आलो. बोट सुटली. चार वाजता चहा आणि केळ्याची भजी आली. ताई पुन्हा पुढं जाऊन बसली, आणि बगळे, कालव्यातली शाळेची होडी, पाण्यावर तरंगत असलेलं एक दुकान, जे दिसेल ते मला दाखवत राहिली. मी हो म्हणत राहिले. भाऊ मागं चालवणाऱ्याजवळ उभा होता, तो पुढं आलाच नाही. संध्याकाळी धक्क्यावर उतरताना भावजयीनं आम्हा चौघांचा फोटो काढून घेतला. त्यात मीसुद्धा आहे.

लोणारला आल्यावर माझे यजमान म्हणाले, गप्प बसू नकोस. आम्ही बुलढाण्याला एका वकिलांना भेटलो. त्यांनी कागद पाहिले, मग विचारलं की सहीनंतर भावाबरोबर कुठं गेला होतात का. फसवणूक म्हणायचं तर दोघी बहिणींनी उभं राहिलं पाहिजे, एवढंच त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी रोहिणखेडला गेले. ताई भाऊजींना पेज भरवत होती. तिनं नाही म्हटलं. कारणही दिलं नाही, फक्त चमचा भरत राहिली. दरवाज्यापर्यंत सोडायला आली तेव्हा तिथं बसलेल्या शेजारणीला म्हणाली, हे माही लहानी बहीण, आमी दोघी बोटीत गेलतो. आणि तिनं पाण्यापेक्षा खाली असलेल्या भाताचं सांगायला सुरुवात केली. मी पायात चप्पल घालून बसथांब्याकडं निघाले.

त्या उन्हाळ्यात खरेदी झाली. मी भाऊबीजेला जाणं बंद केलं. भाऊ पहिल्या वर्षी घ्यायला आला होता, मी चहा दिला आणि परत पाठवला. दुसऱ्या वर्षी आला नाही. ताई मात्र जाते. गेल्या वर्षी भाऊजी गेले, तेराव्याला आम्ही तिघं एका ओळीत बसलो होतो.

भावावरचा राग मला समजतो. त्यानं फसवलं, आणि त्याला ते माहीत आहे. माझ्या पोटात खरा राग आहे तो ताईवरचा, आणि तो धरायचा मला काही हक्क नाही, हेही मला समजतं. समजलं म्हणून तो गेलेला नाही.

ती दर रविवारी फोन करते. गुडघ्यांचं सांगते, नातवाचं सांगते. फोन ठेवताना म्हणते, येत जाय. मी हो म्हणते. जात नाही.