ती गेल्यानंतरची खाज

बायको गेल्यावर चार महिन्यांनी मला जांघेत खाज सुरू झाली. उन्हाळा होता, नागपुरात घामोळं सगळ्यांनाच येतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग लिंगावरची कातडी लाल झाली, पाणी लागलं तरी चरचरायची. मेडिकलवाल्याला हळू आवाजात सांगितलं. त्याने ट्यूब दिली. आठ दिवस बरं वाटलं, मग दुपटीने उसळलं. मी आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकायला लागलो. आग आणखी वाढली.

ती गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली. तिच्या वॉर्डाबाहेर भिंतीवर एक तक्ता होता. या आजाराचा विषाणू नवऱ्याकडूनही येऊ शकतो, असं त्यावर लिहिलेलं. तिचा नंबर लागेपर्यंत मी तो रोज वाचायचो. लग्नाआधी बुटीबोरीला खोली करून राहायचो, तेव्हा दोनदा एका बाईकडे गेलो होतो. हे तिला कधी सांगितलं नाही. आता आरशासमोर टॉवेल सोडला की वाटायचं, तेच आहे हे. आधी तिला दिलं, आता माझ्या अंगावर उमटलं. मोरीत नळ ठिबकला तरी दचकायचो. ती आत कपडे पिळत असेल, असं वाटायचं.

शेवटी धंतोलीत त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाचे होते. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काका, कपडे कोण धुते?"

"मीच. बायको वारली."

"पावडर किती टाकता?"

"दोन मुठी."

"अन् किती पाण्यातून काढता?"

"एकाच."

"मग तेच लागून राहिलं तुम्हाले. पावडर कपड्यात राहते, घामानं कातडीले लागते. थोडी बुरशी होती, ती त्या मेडिकलच्या ट्यूबनं वाढली, त्यात स्टेरॉइड असते. वरून ते जंतुनाशक." त्यांनी शुगरची तपासणीही लिहून दिली.

मी खुर्चीतच बसून राहिलो. तक्त्याचं सांगितलं, बुटीबोरीचंही. मग विचारलं, "तिले मीच देलं का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "या खाजेचा अन् त्याचा संबंध नाही. तो विषाणू बहुतेकांच्या अंगात कधी ना कधी येऊन जाते. दिसत नाही, दुखत नाही. कोणाकडून आला, हे सांगता येत नाही. बायांनी वेळेवर तपासणी करून घ्यावी, एवढंच हातात असते."

"म्हणजे मी नाही?"

"म्हणजे सांगता येत नाही, काका."

शुगर नॉर्मल निघाली. जुनी ट्यूब फेकली, नवं मलम लावलं, सैल सुती चड्ड्या घेतल्या, कपडे तीन पाण्यांतून काढू लागलो. तीन आठवड्यांत कातडी बरी झाली. प्रश्न तसाच राहिला.

एक दिवस मुलीला फोन केला. "बेटा, ते पिशवीच्या तोंडाची तपासणी असते न, ते करून घे."

"तुम्हाले कोणं सांगितलं, बाबा?"

"डॉक्टरनं. मले खाज झाली होती."

ती पुढे काही विचारेल म्हणून मी फोन घट्ट धरून होतो. तिने विचारलं नाही. पंधरा दिवसांनी रिपोर्ट चांगला आल्याचं तिने कळवलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. तिथेच उन्हात खाली बसलो.