सासूबाईंचं वेगळं जाळं

तारकाकांना ऑफिसात खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. संगणकांच्या जाळ्यातली कुठली तार कुठून कुठे जाते हे त्यांनाच ठाऊक, आणि एकदा सांगायला बसले की तासभर उठू देत नसत. बायको त्याच ऑफिसात स्वागतकक्षात. तिने बिचारीने हे पुराण ऑफिसातही ऐकायचं आणि घरीही.

"तार एकच, पण आत न दिसणाऱ्या भिंती!" काका रंगात येत. "हिशेबवाले वेगळे, गोदाम वेगळं, पाहुणे वेगळे. तारा जोडायच्या एका डब्याला, म्हणजे स्विचला, या भिंतींची यादी द्या, बाकीचे स्विच आपोआप उतरवून घेतात. यादी बदलली की तिचा नंबर एकने वाढतो. ज्याचा नंबर मोठा, त्याचं सगळे मुकाट्याने ऐकतात."

घरीही त्यांनी तसलाच जुना स्विच बसवला होता आणि रोज त्याच्याशी काहीतरी खुडबुड चाले. त्यात सोबत राहणाऱ्या सासूबाईंच्या टीव्हीला वेगळी भिंत, आणि इंटरनेटचा वेग चिमूटभर. मालिकेत खुनी कोण ते कळणार, तेवढ्यात चित्र अडकायचं. म्हातारी वैतागून झोपायला जाई, की काकांची मॅच सुरू! "वरून लाइनच खराब आहे हो," असं चार वर्षं तोंड वर करून सांगत होते. बायकोला कळलं असतं तर त्यांचं काही खरं नव्हतं.

एका सोमवारी ऑफिसातला एक स्विच जळाला. काकांनी ऐटीत घरचा आणून जोडला आणि घाईत त्याच्या यादीचा नंबर शून्यावर आणायला विसरले. झालं! ऑफिसची यादी बदलली होती एकवीस वेळा, घरची साडेचारशे. सगळ्या स्विचांनी ऑफिसची यादी पुसली आणि घरची उतरवून घेतली. हिशेबवाले बंद, गोदाम बंद, फोनसुद्धा बंद. सगळे काकांभोवती गोळा झाले, बायकोही आली.

"दाखवा काय झालंय ते," म्हणत साहेबांनी काकांचा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडायला लावला. पडद्यावर यादी आली: बैठकीची खोली. मुलं. सासूबाई-मंद.

ऑफिस खो खो हसलं. बायको हसली नाही.

तासाभरात काकांनी सगळं पूर्ववत केलं. संध्याकाळी घरी स्विच बसवताना बायको शेजारी उभी राहिली. "अहो, ज्याचा नंबर मोठा त्याचंच ऐकतात ना? या घरात आजपासून आईचा नंबर मोठा. करा टाइप." काकांनी निमूटपणे टाइप केलं: जावईबापू-मंद.

त्या रात्री सासूबाईंना खुनी कोण ते अखेर कळलं. पलीकडच्या खोलीत शेवटच्या चेंडूवर काकांची मॅच अडकली.

"वरून लाइनच खराब आहे हो, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.